बटणापाशी थांबणारा हात

सौदी अरेबियातल्या बुरैदा शहरातल्या त्यांच्या घरात मजलिस होती, पण मजलिशीत बसायला कधी कुणी येत नसे. इथल्या बहुतेक घरांत पाहुण्यांसाठी अशी एक मोठी खोली असते. तिला जिन्यावरून वेगळं दार असतं आणि चारही भिंतींना गाद्या-लोड मांडलेले असतात. निवेदिताने गाद्या आणल्याच नाहीत. तिने एक गालिचा अंथरला आणि समोरची लांब भिंत मोकळी ठेवली. "माझ्या पाहुण्यांना उभंच राहायचं असतं," असं ती सांगायची.

हे पाहुणे म्हणजे इस्पितळातले शेजारीपाजारी. निवेदिता तिथे फिजिओथेरपिस्ट होती आणि तिचा नवरा हेमचंद्र सर्जन. दिवसभर मान पुढे काढून काम करणाऱ्या माणसांची पाठ वरच्या बाजूने कशी गच्च होते, हे ती रोज बोटांनी अनुभवत असे. त्यावर तिचा एक साधा व्यायाम होता. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा वीतभर पुढे. कंबर, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकलेला. दोन्ही हात बाजूला उघडून कोपरात दुमडायचे, मनगटं भिंतीला चिकटवायची, आणि श्वास सोडत हात भिंतीवरून घसरवत वर न्यायचे. मग तसेच खाली. वजन नको, यंत्र नको, आयुष्यात कधी व्यायाम न केलेल्या माणसालाही सांगता येईल इतकं सोपं. तरी भले भले डॉक्टर पहिल्या दिवशी घामाने निथळत. मनगट टेकवलं की कंबर सुटायची, कंबर टेकवली की मनगट.

तिने तो ऑपरेशन थिएटरच्या लोकांनाही शिकवला होता. सकाळी पहिल्या केसच्या आधी सगळे कॉरिडॉरच्या भिंतीशी ओळीने उभे राहत. हाडांचे डॉक्टर बदरुद्दीन, मूळचे लखनौचे, दर वेळी म्हणत, "भाभी, ये कसरत है कि पुलिस की तलाशी?" आणि थिएटरची मुख्य नर्स मेहनाज त्यांना सुनवायची, "आप तो तलाशी में भी पकड़े जाएँगे डॉक्टर साहब, कोहनी देखिए अपनी."

या सगळ्यांत हेमला तो सर्वांत चांगला जमत असे. त्याचे हात भिंतीवरून असे वर जात की जणू भिंतीलाच तेल लावलंय. निवेदिता इतरांना त्याचं उदाहरण द्यायची.

म्हणूनच रमजान संपल्यावर एका संध्याकाळी तो घरी येऊन "उजवा हात वर जात नाही गं" म्हणाला, तेव्हा तिला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, रक्तातली साखर किंचित वाढलेली, रात्री दुखून झोपमोड, हात खांद्याच्या रेषेपर्यंत येऊन अडतो. फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, आणि सुटायला महिनोन्‌महिने घेतं. पुस्तकातलं वर्णन घरात चालत यावं तसं ते आलं होतं. एक्स-रे स्वच्छ निघाला. या आजारात तो स्वच्छच निघतो. बदरुद्दीननी कँटीनमध्ये चहा पिता पिता हेमच्या खांद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाभी ने देख लिया ना? फिर मैं क्या देखूँ!" समोर बसलेल्या निवेदिताने मान हलवली.

हेमने ऑपरेशनं थांबवली. तो फक्त बाहेरचे रुग्ण तपासू लागला. आणि रोज संध्याकाळी मजलिशीतल्या भिंतीशी तिघं उभी राहू लागली. मधे हेम, डावीकडे निवेदिता, उजवीकडे नऊ वर्षांची कीर्ती. कीर्तीने या व्यायामाचं नाव कॅक्टस ठेवलं होतं.

"बाबा, चीटिंग! एल्बो वॉलला लागला नाही."

"लागला की."

"नो वे. मम्मा, देख ना!"

हेमचा डावा हात सरळ वर जायचा. उजवा निघायचा, रांगत रांगत वर सरकायचा, आणि दिव्याचं बटण होतं त्याच्या खालच्या कडेपाशी येऊन थांबायचा. खांदा कानाकडे उचलला जायचा, चेहरा आक्रसायचा. निवेदिता कोनमापक लावून पाहायची. नव्वद अंश, कधी किंचित कमी. उन्हाळा सरत आला तरी हात बटणाच्या पुढे गेला नाही.

शेवटी बदरुद्दीनच म्हणाले, की आता भूल देऊन सांधा मोकळा करू. माणूस पूर्ण झोपला, स्नायू ढिले पडले, की डॉक्टर हात धरून जोर लावून वर नेतो आणि आखडलेलं आवरण सुटतं. थोडा धोका असतो, हाडाला इजा होऊ शकते, पण हा मार्ग आहे. इस्पितळाच्या मुदीरला, म्हणजे संचालकालाही घाई होती, सर्जन बसून राहिलेला कुणाला परवडतो? निवेदिताने हेमला विचारलं. तो बराच वेळ पाण्याचा ग्लास फिरवत बसला आणि म्हणाला, "करा." बदरुद्दीननी टेबलावर थाप मारली. "खलास. रविवार सुबह."

रविवारच्या आधीचा शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज होऊन गेली होती आणि रस्ता ओस पडला होता. इथल्या उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी कुत्रंसुद्धा भटकत नाही. जेवण झालं. कुणा रुग्णाने आपल्या बागेतला सुक्करी खजुरांचा खोका पाठवला होता, त्यातले चार-दोन तोंडात टाकून हेम मजलिशीत आडवा झाला. कीर्ती आतल्या खोलीत टॅब्लेट घेऊन लोळत होती. निवेदिताने ओटा पुसला, खजुराच्या बिया बशीत गोळा केल्या आणि राहिलेल्या उचलायला बशी घेऊन ती मजलिशीच्या दारात आली.

हेम गालिच्यावर उताणा झोपला होता. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. डावा हात पोटावर. उजवा हात डोक्याखाली.

ती दारातच उभी राहिली.

पहिल्यांदा तिला काही विशेष वाटलंच नाही. झोपलेला माणूस असाच झोपतो. तळवा मानेखाली, कोपर बाहेर काढलेलं, काख उघडी. मग तिच्या हातातली बशी कलली आणि एक बी घरंगळत गालिच्यावर पडली.

असा हात जाऊ शकत नाही.

ही एकच हालचाल या आजारात सगळ्यात आधी जाते आणि सगळ्यात शेवटी परत येते. हात वर उचलून बाहेरच्या बाजूला वळवणं. बायकांना वेणी घालता येईनाशी होते, पुरुषांना मागून कॉलर नीट करता येत नाही. फ्रोझन शोल्डरचा रुग्ण त्या कुशीवर वळला तरी किंचाळून जागा होतो. आणि हा माणूस गाढ झोपेत, अख्ख्या डोक्याचं वजन त्या हातावर टाकून, घोरत होता.

तिने मनाशी पर्याय मांडून पाहिले. विज्ञान शिकलेल्या माणसाची ती खोड असते, डोळ्यांना दिसलं तरी आधी दुसरं कारण शोधायचं. हा डावा हात असेल. तिने वाकून पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी जुना व्रण होता. कॉलेजात काचेची नळी फुटून झालेला, उजव्या हाताला. ती सरळ झाली. खात्री न वाटून पुन्हा वाकली. व्रण तिथेच होता. मग बरा झाला असेल? पण आखडलेला सांधा असा रात्रीत बरा होत नाही, आठवड्या-आठवड्याला बोटभर सुटत जातो. कालच्या संध्याकाळी हात बटणापाशी थांबला होता.

बटण.

तिने भिंतीकडे पाहिलं. पांढरं, चौकोनी, साधं बटण. आणि तिला कळलं, की इतके महिने जे डोळ्यांसमोर होतं ते तिने पाहिलंच नव्हतं. खरा दुखरा खांदा रोज वेगळा वागतो. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर दोन बोटं वर जातो. एसीत झोपलेला माणूस उठला की तोच हात खाली येतो. चिडलेल्या दिवशी वेगळा, सुट्टीच्या दिवशी वेगळा. खरी मोजमापं कधीच इतकी शहाणी नसतात. हेमचा हात मात्र रोज त्याच कडेपाशी थांबत होता. एखाद्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेत असे आकडे आणले असते तर निवेदिताने तिला उभं करून विचारलं असतं, बाई, हे मोजलेस की लिहिलेस?

आणि त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. इस्पितळात नवीन मुली आल्या की ती पहिला धडा हाच द्यायची. आधी रुग्णाला हात उचलायला सांगा. मग त्याला हात सैल सोडायला सांगा आणि तुम्ही उचला. दोन्ही करायचं. रुग्णाला स्वतःला उचलता आला नाही, पण तुम्हाला उचलता आला, तर दुखणं सांध्यात नाही, दुसरीकडे शोधा. हे तिने शेकडो जणांच्या बाबतीत केलं होतं. घरात केलं नव्हतं. सुरुवातीला एकदा तिने त्याचं मनगट धरलं, त्याने "आई गं" म्हणत श्वास ओढला, आणि तिने हात सोडून दिला. नवऱ्याला कशाला दुखवायचं? तो दुखतंय म्हणतोय. तो तर डॉक्टर आहे.

तिने हेमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. बदरुद्दीननी तिच्या शब्दावर. मुदीरने दोघांच्या. आणि या एवढ्या जाणत्या माणसांपैकी एकानेही तो हात एकदाही स्वतः उचलून पाहिला नव्हता.

ती स्वयंपाकघरात गेली. चहा ठेवला. आलं किसताना बोट किसणीवर घासलं गेलं ते तिला उशिरा कळलं. त्याला भूल देऊन टेबलावर झोपवतील, मेहनाज बाजूला उभी असेल, बदरुद्दीन बाह्या सरसावून जोर लावायला जातील आणि हात विनासायास, पडदा सरकवावा तसा, वर जाईल. हे चित्र तिला राहून राहून दिसत होतं. सगळे आधी हाताकडे पाहतील आणि मग तिच्याकडे.

चहा घेऊन ती परत आली तेव्हा असरच्या नमाजची बांग सुरू झाली होती आणि हेम उठून बसला होता. उजवा हात शहाण्यासारखा मांडीवर ठेवलेला.

"झोप लागली?" तिने विचारलं.

"डोळा लागला जरा. खांदा ठणकत होता."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. इतकं सहज. तिच्या सासूबाईंनी मीठ कमी आहे म्हणावं तितकं सहज.

"चहा नंतर घे," ती म्हणाली. "आडवा हो. मला हात बघायचाय."

"आत्ता? संध्याकाळी करूच की भिंतीशी."

"भिंतीशी नाही. तू काही करायचं नाहीस. नुसतं पडून राहायचं. मी उचलणार."

"निवी, रविवारी करणारच आहेत ना ते. आता कशाला दुखव..."

"रविवारच्या आधी मला बघायचंय. आडवा हो, हेम."

तिचा आवाज चढला नव्हता. इस्पितळात घाबरलेल्या म्हाताऱ्यांशी बोलते त्याच आवाजात ती बोलत होती. हेम हळूहळू आडवा झाला. ती त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसली, एक तळवा खांद्याखाली सरकवला, दुसऱ्याने मनगट धरलं आणि हात उचलू लागली.

तो अडला. जिथे अडायचा तिथेच. हेमने डोळे मिटून दात आवळले. पण आता तिची बोटं ऐकत होती. आखडलेला सांधा अडतो तेव्हा आतून चामड्याचा पट्टा ताणावा तसं लागतं. हातात कितीही ताकद असो, तो पट्टा हटत नाही. इथे तसं काही नव्हतं. इथे काखेच्या कडेचा मोठा स्नायू दगडासारखा टणक झाला होता आणि थरथरत होता. हा माणूस स्वतःचा हात स्वतःच खाली ओढून धरत होता.

"सोड," ती म्हणाली.

"दुखतंय."

"सोड, हेम. मी मघाशी दारात उभी होते. तू झोपला होतास."

त्याच्या पापण्या मिटलेल्याच होत्या. स्नायू अजून थरथरत होता. मग तो एकदम मऊ पडला आणि हात तिच्या हातात आला. पूर्ण वजनाने. तिने तो उचलला. नव्वदच्या पुढे गेला, कानापाशी गेला, डोक्यामागे गालिच्याला टेकला. कुठे अडकला नाही, कुठे कुरकुरला नाही. इतका निकोप खांदा तिने महिन्याभरात हाताळला नव्हता.

तिने हात तिथेच ठेवून दिला आणि आपले हात काढून घेतले. काय विचारायचं असतं अशा वेळी?

"मम्मा?"

कीर्ती दारात होती. टॅब्लेट काखेत, डोळे विस्फारलेले.

"बाबा! तुझा हँड! पूरा वर गेला!" ती धावत आली आणि हेमच्या छातीवर पडली. "ठीक झाला? सच्ची? म्हणजे संडेला ऑपरेशन नाही?"

हेमने निवेदिताकडे पाहिलं.

"नाही," निवेदिता म्हणाली. "रविवारी काही नाही."

"आय टोल्ड यू, कॅक्टस वर्क्स! ऊठ ना बाबा, वॉलवर दाखव. एकदा. प्लीज, प्लीज."

तिने त्याला ओढून भिंतीशी उभं केलं. हेमने टाचा वीतभर पुढे घेतल्या, पाठ टेकवली, डोकं टेकवलं. मनगटं भिंतीला लागली. दोन्ही हात सरकू लागले. उजवा हात बटणापाशी आला, क्षणभर सवयीने थबकला, आणि बटण ओलांडून वर गेला. कीर्ती टाळ्या पिटत उड्या मारू लागली. निवेदिता गालिच्यावर बसून पाहत होती. पुस्तकात छापावी अशी ती हालचाल होती. दोन्ही बाजू सारख्या, कंबर न सुटलेली, खांदे न उचललेले. तिने आजवर इतकं भयंकर काही पाहिलं नव्हतं.

"मेहनाज आंटीला व्हॉइस मेसेज करते!"

"नको!" दोघं एकदम म्हणाली.

कीर्ती चपापली. "व्हॉट? गुड न्यूज आहे ना?"

"मी सांगतो तिला," हेम म्हणाला. "तू जा, बघ तुझं ते. मी येतो."

कीर्ती दोघांकडे आळीपाळीने बघत, पाय ओढत गेली. निवेदिताने उठून दार लावलं आणि पाठ दाराला टेकवून ती उभी राहिली. हेम भिंतीशी होता. मधे गालिचा आणि दोन कप गार चहा.

"कधीपासून बरा आहे?"

"बरा..." तो थांबला. "बिघडलाच नव्हता कधी."

तिला हसू आलं. कुठून आलं कुणास ठाऊक, पण आलं, आणि ते ऐकून तिचीच तिला भीती वाटली.

"रोज संध्याकाळी नाटक करत होतास. माझ्याच भिंतीशी. आणि मी शाबासकी देत होते, आज पुरते नव्वद भरले रे म्हणून. किती मजा आली असेल."

"निवी, नको असं."

"मग कसं? कोण आहे? दुसरी नोकरी आहे? कंटाळा आलाय कामाचा? सांग ना. मला काहीच सुचत नाहीये, तूच सांग."

"मला रोज वाटायचं, आज पकडशील," तो म्हणाला. "रोज. तू कोनमापक लावायचीस तेव्हा माझी छाती धडधडायची. इतकं साधं होतं गं. नुसता हात धरून उचलायचा होता."

"म्हणजे चूक माझी?"

"नाही. तसं नाही." तो भिंतीवरून घसरत खाली बसला. गुडघे जवळ घेतले. नजर गालिच्यावरच्या खजुराच्या बीवर लावली. "रमजानात एक पित्ताशयाची केस होती. रोजची. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. नळी मोकळी केली होती, धमनी मोकळी केली होती. आणि मला पुढचं आठवेना."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढचंच नाही. पुढे काय करायचं असतं, तेच नाही. पडद्यावर ते सगळं होतं, माझे हात होते, आणि मी एखाद्या परक्याच्या घरात शिरल्यासारखा उभा होतो. किती वेळ ते माहीत नाही. मेहनाजने न मागता क्लिपचं अवजार माझ्या हातात ठेवलं. ते हाताला लागलं आणि सगळं परत आलं."

"दमला असशील. रमजानात ड्यूट्या किती उलट्यापालट्या..."

"मीही तेच म्हटलं. मग पुन्हा झालं. त्या वेळी तिने अवजार दिलं आणि मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं." त्याने हाताचे तळवे डोळ्यांवर दाबले. "त्या संध्याकाळी मी घरी येऊन तुला म्हणालो, की हात वर जात नाही."

निवेदिता दाराशीच खाली बसली. तिला उमाकांतदादा दिसले, तिचे सासरे. तासगावच्या शाळेचे मुख्याध्यापक. एका दुपारी शाळेतून निघाले आणि दोन गल्ल्या पलीकडच्या घरी पोचलेच नाहीत, बाजारपेठेत हातात छत्री घेऊन उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला पत्ता विचारत होते. तेव्हा ते निवृत्तही झाले नव्हते. पुढची वर्षं तिने आणि हेमने दोघांनी पाहिली होती. शेवटी शेवटी ते हेमला "डॉक्टरसाहेब" म्हणायचे.

आणि मग एकामागून एक बाकीचं येऊ लागलं. मागच्या महिन्यात घराजवळच्या चौकात हेमने गाडी उलट्या बाजूला घातली आणि कीर्ती किंचाळली होती, "बाबा, राँग साइड!" सगळी हसली होती. इन्शाल्ला पोचू कुठेतरी, असं तोच म्हणाला होता. बदरुद्दीनच्या मुलाचं नाव तो दोनदा विसरला. एकच गोष्ट एका जेवणात दोनदा सांगितली. तिला वाटलं होतं, खांदा दुखतो, झोप होत नाही, लक्ष कुठून राहणार? खोट्या दुखण्याने खरं दुखणं झाकलं होतं, आणि झाकण तिनेच धरून ठेवलं होतं.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. आवाज स्वतःचा वाटत नव्हता.

"सांगितलं असतं तर तू तपासलं असतंस."

तिने डोक्याचा मागचा भाग दाराला टेकवला.

"खांदा म्हटलं की माणूस घरी बसतो, बरा होतो, परत येतो," तो म्हणाला. "डोकं म्हटलं की संपलं. लायसन्स जाईल, इथे राहायचा इकामा जाईल, कीर्तीची शाळा... पण ते नंतरचं. मला ते शब्द तोंडातून काढायचे नव्हते. काढले की खरं होईल. आणि ऑपरेशन तर करायचं नव्हतं. काही झालं असतं आणि तेव्हा मेहनाज नसती तर?"

"मग रविवारला हो का म्हणालास? भूल दिल्यावर सगळ्यांना कळलं असतं."

"म्हणूनच." तो पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहत होता. "वाटलं, मी झोपलेला असेन आणि कुणीतरी हात उचलेल. मला काही सांगावं लागणार नाही. उठेन तोवर तुम्हाला सगळ्यांना माहीत झालेलं असेल."

एसीचा एकसुरी आवाज येत होता. आतून कार्टूनमधल्या कुणाची तरी कर्कश हसण्याची लकेर आली. निवेदिता उठली, गालिचा ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले. राग कुठेतरी होता, पण तो आता शोधायला वेळ नव्हता.

"बदरुद्दीनना फोन करायचा," ती म्हणाली. "आत्ता. तू करायचास."

"तू सांग ना."

"नाही."

त्याने फोन घेतला, उजव्या हातात. नंबर लावून स्पीकरवर टाकला आणि दोघांच्या मधे गालिच्यावर ठेवला.

"जी, डॉक्टर साहब!" बदरुद्दीन नुकतेच झोपेतून उठले असावेत. "सुनिए, संडे को खाली पेट आना है. भाभी के हाथ का मसालेभात नज़र आया तो मैं वापस भेज दूँगा. उल्टा वो टिफ़िन इधर भिजवा दीजिए."

"बदर," हेम म्हणाला. "संडे का कैंसल करो. कंधा ठीक है मेरा. शुरू से ठीक था."

"अरे! क्या मज़ाक है?"

"मज़ाक नहीं. बात दूसरी है. मुझे..."

तो थांबला.

त्याचे ओठ उघडे होते. नजर भिंतीवर कुठेतरी गेली, परत आली, आणि निवेदितावर येऊन थांबली. तो अडखळला होता की रडू आवरत होता, की ते तेच होतं, पडद्यासमोरचं, हे तिला कळेना. वाक्य मात्र तिच्याजवळ होतं. ते जिभेवर आलं होतं. दुसऱ्या कुणीतरी, मास्क लावून, अशाच एका क्षणी त्याच्या हातात न मागता अवजार ठेवलं होतं. तिने मांडीखालच्या मुठी आवळल्या आणि ओठ मिटून घेतले.

"हैलो? हेम भाई?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्यानेही नजर काढली नाही.

"मैं भूल जाता हूँ, बदर," हेम म्हणाला. "ऑपरेशन के बीच में. दो बार हुआ है. मैं डर गया था, इसलिए कंधे का झूठ बोला."

हेमने वाकून फोन लागलेला आहे ना ते पाहिलं. मग बदरुद्दीनचा आवाज आला, पण तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"भाभी पास हैं?"

"हूँ मैं," निवेदिता म्हणाली.

"भाभी... आपने देखा था ना?"

तिने डोळे मिटले. कँटीनमधला तो चहा, तो प्रश्न, आणि तेव्हा आपण मान हलवून दिलेलं उत्तर तिला लख्ख आठवलं.

"नहीं," ती म्हणाली. "मैंने नहीं देखा था. किसी ने नहीं देखा. अब दिमाग के अच्छे डॉक्टर से दिखाना है, और हम में से किसी के कहने पर नहीं. ठीक से."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, किल्ल्या वाजल्या.

"दरवाज़ा खुला रखिए," बदरुद्दीन म्हणाले. "मैं आ रहा हूँ."

हेमने फोन बंद केला आणि निवेदिता जिन्याकडचं दार उघडायला उठली. पाहुणे घरातूनच येत, त्यामुळे ते दार त्यांनी राहायला आल्यापासून क्वचितच उघडलं होतं. कडी घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी ओढूनही ती निघेना, तेव्हा हेम मागून आला आणि त्याने तिच्या डोक्यावरून उजवा हात लांबवून ती काढली.